चार इयत्ता, एक शिक्षिका आणि आठवड्याच्या ८० चौकटी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गोव्यातील सांगे तालुक्यातील एका वाड्यावरच्या प्राथमिक शाळेत तुम्ही एकट्या आहात, पहिली ते चौथीची मिळून १४ मुले आहेत, दर सोमवारी आठवड्याचे टाचण, म्हणजे काय शिकवणार याचे लेखी नियोजन, तयार लागते, त्यातील ‘उपक्रम’ हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही, आणि शुक्रवारी तेच टाचण उघडून पाहावे तर लिहिलेल्यातले निम्मेही झालेले नसते, असे तुम्ही म्हणता. पालक ‘या आठवड्यात काय शिकवले?’ असे विचारतात तेव्हा धड उत्तर देता येत नाही, हे तुमचे वाक्य वाचून तर मी थबकलेच. सत्तरी तालुक्यातील माझ्या पहिल्या एकशिक्षकी शाळेत माझे नेमके हेच झाले होते. फरक एवढाच की मुले १७ होती.

वेळापत्रक कसे आखावे, साध्ये कशी लिहावीत, हे येथे लिहीत नाही. ते तुम्हाला डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेला शिकवलेले आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी आता निवृत्त आहे, नमुने आणि परिपत्रके सारखी बदलत असतात, आणि ४० मुलांच्या वर्गाचा अनुभव मला नाही. तेव्हा पटेल तेवढे घ्यावे, आणि लेखी आदेश वेगळा असेल तर आदेशच मानावा.

माझी चूक साधी होती, पण तिने मुलांचे जवळजवळ एक वर्ष खाल्ले. त्या वर्षी टाचणाचा एक नवा नमुना आला. त्यात प्रत्येक इयत्तेसाठी, प्रत्येक विषयाला, प्रत्येक दिवशी स्वतंत्र उपक्रम लिहायचा होता. भाषा, गणित, परिसर आणि इंग्रजी असे चार विषय धरले तर चार इयत्तांच्या दिवसाला १६ चौकटी होतात, म्हणजे पाच दिवसांच्या ८०. आता हिशेब पाहा. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला ४ तास, अर्थात २४० मिनिटे. त्याला १६ ने भागले की एका चौकटीच्या वाट्याला १५ मिनिटे येतात, आणि त्यांतच पाटी काढणे, पेन्सिलीला टोक करणे, रडणाऱ्याला गप्प करणे हे सगळे बसवायचे. (त्याच अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असेही लिहिलेले आहे. तो विषय मी वाढवत नाही. वाढवला तर तुमचे उत्तर बाजूला राहील.)

हे गणित जमत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात दिसले होते. म्हणून मी तो नमुना घेऊन एका कार्यालयात गेले, आणि एकाच शिक्षिकेने एकाच वेळी चार उपक्रम कसे चालवावेत असे विचारले. पहिल्या खेपेला संबंधित माणूस जागेवर नव्हता. दुसऱ्या खेपेला, ‘या नमुन्यात एकशिक्षकी शाळेसाठी वेगळा रकाना नाही,’ असे उत्तर मिळाले. जणू रकाना नाही म्हणून तशी शाळाच नाही. तिसऱ्या खेपेला, ‘आधीच्या बाईंचे टाचण पाहून लिहा,’ असे सांगितले गेले. आधीच्या बाईंच्या काळात हा नमुनाच नव्हता. वाड्यावरून बस दिवसाला मोजून दोन-तीन, त्यामुळे प्रत्येक खेपेला शाळेचा अर्धा दिवस बुडाला. त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. तेथील माणसे केव्हाच बदलली आहेत, आणि त्यांच्यावरही वरून कुणाचे तरी दडपण असणारच.

परंतु कार्यालयाला दोष देऊन मी सुटत नाही. चौकटी भरून मी कागद पाठवला असता आणि वर्ग माझ्या समजुतीप्रमाणे चालवला असता तर काही बिघडले नसते. मी मात्र प्रामाणिकपणाच्या कल्पनेने त्या कागदाप्रमाणेच वर्ग चालवला. दर १५ मिनिटांनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, एका इयत्तेशी बोलायचे, आणि तोवर उरलेल्या तिघींना फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावायचे. वह्या भरत गेल्या. अक्षर सुरेख झाले. तपासणीला आलेल्यांनी त्यावर ‘समाधानकारक’ असा शेराही दिला.

दिवाळीच्या सुटीनंतर एका सकाळी मी दुसरीतल्या मुलांसाठी फळ्यावर ‘नारळ’ लिहिले. सगळ्यांनी मोठ्याने वाचले. मग काही विशेष हेतू नसताना त्याच्याखाली ‘नाळर’ लिहिले. तेही सगळ्यांनी, तितक्याच मोठ्याने, ‘नारळ’ असेच वाचले. ‘कमळ’च्या जागी ‘कळम’ लिहिले तरी ‘कमळ’च. पहिल्या अक्षरावरून आणि शब्दाच्या एकंदर आकारावरून ती मुले अंदाज बांधत होती. अक्षरे जोडून वाचणे त्यांना येतच नव्हते, आणि ८० चौकटींत हे पाहायला मला एकही चौकट उरली नव्हती. बाई, तुमच्या दुसरीतल्या मुलांना उद्याच असे दोन उलटसुलट शब्द द्या, आणि प्रत्येकाला एकेकटे बोलावून द्या, कारण समूहात एकाचा आवाज बाकीच्यांना झाकतो. हे उत्तर यापुढे वाचले नाहीत तरी चालेल, पण एवढे करा.

पुढच्या वर्षी मी आठवडा उलटा बांधला. चार इयत्तांना सोळा उपक्रम देण्याऐवजी आठवड्याला सगळ्यांचा मिळून एकच विषय घेतला आणि त्याच विषयावर प्रत्येक इयत्तेला तिच्या कुवतीचे काम दिले. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आठवडा हे त्याचे सगळ्यांत सोपे उदाहरण. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगून बांधतात त्या चौकटीचे, सामान त्या दिवसांत घरोघरी येतच असते: कांगलांचे घोस, माट्टीची फळे, आंबाडे, चिबूड, सुपारीचे शिपटे म्हणजे घड. सोमवारी मुलांनी जे आणले ते जमिनीवर मांडले, आणि मोठ्यांनी व लहानांनी एकत्र बसून त्याचे ढीग केले: रानातले, कुळागरातले (पोफळी-नारळीच्या बागेतले), मळ्यातले. कोणते कोठे टाकावे यावरून भांडणे झाली, आणि त्या भांडणांत परिसराचा जो अभ्यास झाला तो माझ्या आधीच्या वर्षाच्या सगळ्या चौकटींत झाला नव्हता.

मंगळवारी सुपारीचा शिपटा मध्ये ठेवला. चौथीच्या मुलांनी आधी अंदाज लिहिला, पहिलीच्या मुलांनी २० पर्यंत एकेक सुपारी मोजली, दुसरीच्यांनी दहा-दहाचे गट केले, आणि असे तीन शिपटे असतील तर सुपाऱ्या किती, हे तिसरीच्यांनी काढले. शेवटी चौथीने आपला अंदाज किती चुकला ते वजाबाकी करून सांगितले. एकच शिपटा, चार इयत्ता आणि सबंध तास. मला फक्त ज्या गटाचे अडते त्याच्याजवळ जाऊन बसायचे होते. बुधवारी लेखन: पहिलीने चित्र काढून खाली एक नाव लिहिले, दुसरीने दोन वाक्ये, तिसरीने आजीला विचारायचे प्रश्न, आणि चौथीने माटोळी कशी बांधतात ते क्रमाने. गुरुवारी बाजार मांडला, भाव लिहिले, सुटे पैसे परत दिले.

येथे दोन इशारे. रानातली सगळी फळे खाण्याची नसतात, म्हणून हाताळून झाल्यावर हात धुवून घ्यावेत आणि लहानांवर डोळा ठेवावा. दुसरे म्हणजे तुमच्या वर्गातील प्रत्येक घरात चवथ असतेच असे नाही. २४ जूनच्या सांजावाला, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या संत जॉनच्या सणाला, पानाफुलांचे कोपेल म्हणजे डोक्यावरचे कडे बांधतात; त्यात एक पान, एक फूल, पुन्हा एक पान असा जो क्रम येतो तो पहिलीच्या गणिताला आयताच मिळतो. शेतीचा आठवडा तर कोणत्याही घराचा असतो.

या पद्धतीचा खरा फायदा मला बोलण्यात दिसला. माझी बहुतेक मुले घरी कोंकणी बोलत आणि शाळेत मराठी वाचत. ‘आईने भात वाढला’ हे वाक्य मी पहिलीत घेतले तेव्हा एक मुलगी हसून म्हणाली, ‘भात शेतांत आसता!’ तिच्या घरी ताटात पडते ते शीत, आणि भात म्हणजे शेतातले किंवा पोत्यातले साळीचे धान्य. तिचे काहीच चुकले नव्हते. त्या दिवसापासून आमचा आठवडा वस्तूचे घरातले नाव आधी आणि पुस्तकातले नंतर या क्रमाने सुरू होऊ लागला: उदक आणि पाणी, माजर आणि मांजर. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात भाषेच्या तासाचे मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन आणि लेखन असे चार भाग सुचवले आहेत. माझ्या मते त्यांतला पहिला भाग आपल्याकडे सर्वांत आधी कापला जातो, कारण बोलण्याची नोंद वहीत उमटत नाही आणि तपासणीला वही लागते. हे मत थोडे एकांगी असेल, पण मी ते बदललेले नाही.

शुक्रवार मी नव्या विषयासाठी कधीच वापरला नाही. त्या दिवशी मोठी मुले लहानांना वाचून दाखवत, आणि मी एकेकाला जवळ बोलावून दोन-तीन मिनिटे त्याचे वाचन ऐके आणि एक तोंडी गणित विचारी. १७ मुलांना मिळून साधारण पाऊण तास लागे. तुमच्या १४ मुलांना त्याहून कमी लागेल. मूल कुठे अडते तेवढेच एका वहीत लिहून ठेवावे: ‘जोडाक्षर’, ‘हातचा’, ‘बोलतच नाही’. पुढच्या सोमवारचे टाचण याच वहीवरून लिहावे, पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून नव्हे.

आणि पाच दिवसांचे काम लिहू नका. चारच दिवसांचे लिहा. आपल्याकडे आठवडा पुरा क्वचितच मिळतो. जुलैमध्ये पाऊस सुटी देतो किंवा मुले भिजून परत जातात, गावात जत्रा किंवा काला झाला की दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो, शिगम्यात तर विचारूच नका. त्यातून शिक्षकांना इतर कामे येतात. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हणते, पण या तिन्हींनीही एकशिक्षकी शाळेला कुलूपच लागते. गावातील देवस्थानाचे उत्सव जूनमध्येच विचारून भिंतीवर लिहून ठेवावेत.

तो नमुना आजही तसाच असेल तर मी केले ते सांगते, जबाबदारी तुमची. मी विषयाचे नाव चारही चौकटींवर आडवे लिहिले आणि प्रत्येक इयत्तेखाली एकच ओळ लिहिली. ‘झालेले नाही’ असा एक शेवटचा रकाना स्वतःच वाढवला आणि तो लाल शाईने, खरा, भरला. पहिल्या वर्षी एकदा आक्षेप आला. मी १५ मिनिटांचा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा समोरचे गृहस्थ गप्प झाले आणि सही करून गेले.

पालकांसाठी मी दाराजवळच्या फळ्यावर दर शुक्रवारी तीन ओळी लिहीत असे, आणि तिसरी ओळ घरी करण्याजोग्या कामाची असे: ‘आज घरातील नारळ मोजायला सांगा.’ छायाचित्रे पाठवण्याच्या मी विरोधात आहे. एके वर्षी माझ्या छायाचित्रांचे वरून कौतुक झाले, आणि त्यानंतर कित्येक आठवडे छायाचित्रात चांगला दिसेल तोच उपक्रम मी निवडत होते, हे मला फार उशिरा कळले.

साहित्याविषयी थोडे. चार्ट पेपर पावसाळ्यात दमट होऊन लोळागोळा होतो आणि पाठीमागून वाळवी लागते; जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू वापराव्यात आणि दोरीला टांगाव्यात. मोजायला चिंचोके उत्तम. काजूच्या बिया मात्र वर्गात आणू नयेत. सालातले तेल कातडीवर उठते, आणि मुले त्या भाजून खाण्याचा प्रयत्न करतात, हे मी अनुभवाने सांगते. स्वयंसाहाय्य गटाकडून माध्यान्ह आहाराचे पाव येतात, तेव्हा हजर मुले किती आणि पाव किती, हा हिशेब रोज दुसरीच्या मुलांकडेच द्यावा. त्याला टाचण लागत नाही.

पहिलीत किती मुले आहेत आणि त्यांतील किती अंगणवाडीतून आली आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. पहिलीसाठी विद्याप्रवेश हा तीन महिन्यांचा खेळांवर आधारलेला कार्यक्रम आहे. तो बाकीच्या तीन इयत्तांच्या आठवड्यात कसा बसवायचा हे त्या आकड्यावर अवलंबून आहे. आकडा कळवलात तर जूनच्या पहिल्या चार आठवड्यांचे माझे जुने टाचण, लाल शाईच्या रकान्यासह, येथे उतरवून देईन.