नातू ताटं विसळतो, त्यात कमीपणा कसला?

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत एम.एस. करतो आहे. विद्यापीठाच्या भोजनगृहात तो ताटं विसळतो, टेबलं पुसतो. शेजारी म्हणतात, "एवढं कर्ज काढून पोराला भांडी घासायला पाठवलंत का?" तिकडे पूर्वीपासून असंच आहे का? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथले विद्यार्थी कसे राहत? आपल्याकडचं कोणी तेव्हा तिथे शिकायला होतं का?
— एक आजी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. नातू करतो आहे ती तिथली जुनी रीत आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या संस्थेत १८३७ पासून स्वयंपाक, झाडलोट, धुणं ही कामं विद्यार्थिनीच वाटून घेत. त्यामुळे फी कमी ठेवता येई. वेल्स्ली कॉलेज १८७५ मध्ये सुरू झालं, तिथेही मुलींना रोज थोडा वेळ घरकाम होतं.

न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ १८६८ मध्ये उघडलं. एझ्रा कॉर्नेल हा स्वतः सुतारकामातून वर आलेला माणूस. मुलांनी शेतावर, बांधकामावर राबून आपला खर्च भागवावा अशी त्याची फार इच्छा होती. ती पुरती साधली नाही, कारण दिवसभर अंगमेहनत केल्यावर रात्री पुस्तकात डोकं चालत नाही.

शेजाऱ्यांना सांगायला एक नाव देतो. हर्बर्ट हूव्हर. लहानपणीच आईवडील गेलेले. १८९१ मध्ये स्टॅनफर्ड सुरू झालं तेव्हा पहिल्याच तुकडीत हा मुलगा होता. सुरुवातीला तिथे शिकवणीची फी नव्हती, पण राहण्या-जेवण्याचे पैसे लागतच. त्याने मुलांचे मळके कपडे गोळा करून लॉन्ड्रीत पोचवण्याचं काम घेतलं, वर्तमानपत्रं वाटली, भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे कारकुनी केली. १८९५ मध्ये पदवी घेतली आणि १९२९ मध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे मोठे शिक्षणतज्ज्ञ म्हणून नावाजलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांची हकीकत तर याहून कष्टाची. गुलामीत जन्मलेला हा मुलगा १८७२ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेत पोचला. वाटेत पैसे संपल्याने रिचमंड शहरात तो फुटपाथच्या फळ्यांखाली झोपला होता. प्रवेशासाठी त्याला वर्ग झाडायला सांगितला. त्याने तो तीनदा झाडला, चारदा फडक्याने पुसला. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला, धूळ लागली नाही, प्रवेश मिळाला. पुढे त्याने तिथेच शिपायाचं काम करून शिक्षण केलं.

सगळीकडे कष्टाला मान होता असं मात्र नव्हे. हार्वर्डजवळ माउंट ऑबर्न रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या मुलांसाठी खासगी वसतिगृहं उभी राहिली, वाफेने खोल्या गरम ठेवणारी, चांगल्या स्नानगृहांची. त्या भागाला लोक 'गोल्ड कोस्ट' म्हणत. आवारातल्या जुन्या इमारतींत त्या सोयी नव्हत्या. पैशाची दरी तिथेही होतीच.

त्याच काळात आपल्याकडचा गरीब विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. माझे वडील नाशकात असेच शिकले. देणाऱ्या घरांचं मन मोठं होतं, हे ते नेहमी सांगत. पण परक्या पंगतीत मान खाली घालून बसण्याची सल त्यांच्या मनातून म्हातारपणीही गेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला तो म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. मी शिकवायचो त्या महाविद्यालयात या योजनेतली मुलं झाडांना पाणी घालत, ग्रंथालयात पुस्तकं लावत, आणि महिनाअखेरीचे पैसे ताठ मानेने मोजून घेत. तुमचा नातू वेगळं काय करतो आहे?

आपल्याकडचं कोणी होतं का, म्हणता? होतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबत साडीत बसलेला त्यांचा फोटो आजही पाहायला मिळतो. थंडी आणि परकं अन्न यांनी तब्येत पोखरत नेली, तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतलीच. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षभरात आनंदीबाई गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे लिहिताना आजही जीव तुटतो.

म्हणून नातवाला फोनवर काम काय करतोस यापेक्षा जेवतोस काय, थंडीचे कपडे पुरेसे आहेत का, हे आधी विचारा. आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं, ती मर्यादा त्याने ओलांडू नये. बाहेर कुठे रोखीने काम मिळतंय म्हणाला, तर नको म्हणून सांगा. त्यात व्हिसा जाण्याचा धोका असतो.