आधी पाणी काढा, फवारणीचं मग पाहू

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या गावात घरामागे 20 बाय 30 फुटांची सांदवाडी (परसबाग) आहे, जमीन काळी. गेल्या पावसाळ्यात वांगी, भेदरं (टोमॅटो), मिरची, पालक, लवकी (दुधी) सगळं एकदम लावलं. पोळ्यापर्यंत बरंचसं पिवळं पडून बसलं. लवकीला फुलं भरपूर आली, पण फळ काही धरलं नाही. आता कोणती सेंद्रिय फवारणी घ्यावी आणि शेण-गोमूत्राचं जीवामृत किती द्यावं?

फवारणी सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. दशपर्णी, आंबट ताक, लसूण-मिरचीचा अर्क, ज्याचं त्याचं रामबाण औषध ठरलेलं असतं. मला आधी एवढंच सांगा, दमदार पाऊस झाल्यावर तुमच्या सांदवाडीत पाणी किती वेळ साचून राहतं?

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची जागा बंद होते. झडीचा पाऊस लागला की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि पानं पिवळी पडतात. जमिनीत पाणी उभं असताना झाड खताला तोंडच लावत नाही. त्यात वरून बादलीभर जीवामृत ओतलं तर भर पडते ती पाण्याचीच. वावरात उतार असतो, सरी असते, पाणी वाट काढतं. घरामागे मात्र बहुतेक ठिकाणी जागा खोलगट असते आणि छपराचं पाणीही तिथंच उतरतं.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते आठवून पाहा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये; चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत हे हमखास दिसतं. सगळं झाडच मलूल होऊन माना टाकत असेल तर रोप उपटून मूळ बघा. पांढरं, कडक मूळ म्हणजे ठीक. तपकिरी, लिबलिबीत, साल सुटून हातात येणारं मूळ म्हणजे पाण्यानं घात केला.

उपाय म्हणजे गादीवाफे. 3 फूट रुंद, जमिनीपासून 9 ते 12 इंच उंच, लांबी जागेप्रमाणे. रुंदी 3 फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय द्यायचा नाही. दोन वाफ्यांच्या मध्ये दीड फुटाची चरी, तिथली माती उचलून वाफ्यावर टाकायची आणि चरीचा उतार सांदवाडीच्या बाहेर काढायचा. छपराची पन्हाळही दुसरीकडे वळवा. हे काम मे महिन्यात, ढेकळं कोरडी असताना करा. पाऊस लागल्यावर करायचं तर वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून बघायची, गोळा हाताला न चिकटता फुटला की वाफसा आला. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर जे ढेकूळ निघतं ते वाळल्यावर विटेसारखं होतं. काहीजण वाळू मिसळायला सांगतात. त्या नादी लागू नका, चार टोपल्यांनी काहीच होत नाही आणि ट्रॉलीभर टाकणं परवडत नाही. कुजलेलं शेणखत आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दरवर्षी टाकत राहा, माती आपोआप भुसभुशीत होते.

चुलीतली राख मात्र ढिगानं टाकू नका. आपली जमीन मुळातच अल्कधर्मी, राख तिला आणखी तिकडेच ढकलते. भुंगेऱ्यांसाठी सकाळी दवात पानांवर चिमूटभर भुरभुरली तर चालते. अंड्याच्या टरफलांचं फॅड शहरातल्या कुंड्यांचं, काळ्या जमिनीत चुना आधीच उदंड आहे.

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. ताज्या शेणानं हुमणी आणि उधळी (वाळवी) येते. घरी जनावर एखादंच असेल तर नाडेप पद्धत चांगली. ती आपल्याच जिल्ह्यातली आहे, पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. कमी शेणात जास्त काडीकचरा कुजवायचा, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. मूळ टाकं 10 बाय 6 बाय 3 फुटांचं असतं, तुम्हाला त्याच्या निम्मंही पुरे.

जीवामृताचा हिशेब बहुतेकजण करतच नाहीत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण एकराला 200 लिटर आहे. तुमची जागा 600 चौरस फूट, म्हणजे वाट्याला तीन लिटरही येत नाही. 10 लिटर केलं तरी रग्गड: अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन, बांधावरची चिमूटभर माती. सावलीत 48 तास ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा, आठवड्याच्या आत पातळ करून वाफसा असताना द्या. ड्रम भरून ठेवायची गरज नाही.

आता फवारणीकडे येतो, पण आधी पंपाचं. वावरातला पंप सांदवाडीत आणू नका, कितीही धुतला तरी. 2,4-डी सारख्या तणनाशकाचा अंश नळीत, वायसरमध्ये राहतो आणि भेदरं, भेंडी, मिरची यांना तेवढाही बाधतो. पानं अरुंद होतात, पिळवटतात, आणि माणूस समजतो की चुरडा (पानं आकसण्याचा रोग) आला. कीटकनाशकाचं तर बोलायलाच नको. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. एक-दोन लिटरचा हातपंप वेगळा घ्या आणि त्यावर रंगानं खूण करा. शेजारच्या वावरात तणनाशक मारणार असतील तर त्या दिवशी वारा कुठला आहे तेही बघा.

फवारणीत मी फक्त निंबोळी अर्कावर भरवसा ठेवतो. पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या पडतात त्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवायच्या. 250 ग्रॅम कुटून फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, एकूण पाणी 5 लिटर, वर थोडं साबणाचं पाणी. त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं, कारण उन्हानं त्यातला गुण जातो. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांवर चालतो. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीला मात्र कुठलाच अर्क पोचत नाही. त्यासाठी सकाळी झाडांमधून एक फेरी मारा. बाकी झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकून लोंबतोय, असं दिसलं की तो खाली दोन बोटं सोडून कापा. चिरून पाहा, आत गुलाबीसर अळी सापडेल. तो शेंडा खताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. कापलेल्या जागेखालून दोन फांद्या फुटतात, त्यामुळे नुकसान काही नाही. भेंडीवर हळद्या (पानं पिवळी पाडणारा रोग) आला तर औषध शोधत बसू नका, झाड उपटा.

लवकीचं दुखणं वेगळं आहे. आधी नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलीशी लवकी असते. ती पिवळी पडून गळत असेल तर परागीकरण झालेलं नाही. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी मधमाशा घरी गेलेल्या असतात. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. दोडक्याचंही संध्याकाळचंच. कोहळ्याचं आणि कारल्याचं मात्र भल्या पहाटे. आणि एक सांगून ठेवतो, चव घेतल्यावर लवकी कडू लागली तर सरळ फेकून द्या. तिनं माणसं दवाखान्यात गेली आहेत.

सगळं एकदम लावू नका. पावसाळ्यात वाफ्यांवर वांगी, मिरची, भेंडी, गवार, बरबटी (चवळी), अंबाडी. वेल कुंपणाच्या कडेला उंचवट्यावर, मांडवाला तुराट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या-कपाशीच्या काड्या). पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), मुळा दसऱ्याच्या आसपास टाका, जुलैच्या झडीत ते सडतातच. सांभाराचे धने रगडून दोन फाका करून पेरा. भेदऱ्याची रोपं ऑगस्टच्या शेवटी लावली की फळ थंडीत येतं. एप्रिल-मेच्या 45 अंशांत फूल टिकत नाही, तो नाद सोडा. उन्हाळ्यात ढेमसं, गवार, काकडी, चवळई, वर हिरवी जाळी आणि बुडाशी दोन-तीन इंच कुटार. कुटार नसेल तर जमिनीला भेगा पडतात आणि त्यात मुळं तुटतात.

वानरांवर पक्का इलाज कोणाकडेच नाही. मिरची, हळद, आलं यांच्या वाट्याला ती सहसा जात नाहीत, म्हणून ती बाहेरच्या कडेला आणि वांगी-काकडी घराजवळ.

न्हाणीचं पाणी वापरत असाल तर कपड्यांच्या पावडरचं पाणी वेगळं काढून केळीला, कर्दळीला सोडा. त्यातल्या सोडियमनं काळी माती आणखी घट्ट होते. यावरूनच विचारतो, उन्हाळ्यात पाणी विहिरीचं देता की बोअरचं, आणि ते चवीला खारं आहे का? अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्याइतकं वाईट तुमच्याकडे नसेल, पण खारं असेल तर बरबटी, वाल बाजूला ठेवून पालक-बीटवर भर द्यावा लागेल. छपराचं पाणी कुठं उतरतं तेही लिहा, म्हणजे चरी कोणत्या बाजूला काढायची ते ठरवता येईल.