चारच नग माहीत असलेली चिप 18,000 डॉलरला घ्यावी का?

तुमच्या पत्राचा गाभा असा. तुम्ही बरीच वर्षं लास व्हेगासच्या जुन्या कॅसिनोंच्या चिप्स, म्हणजे जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, जमवता. तिथल्या स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, कधीच बंद पडलेल्या एका कॅसिनोची 1950 च्या दशकातली 5 डॉलरची चिप एका विक्रेत्याने तुम्हाला 18,000 डॉलरला देऊ केली आहे. हिचे जगात चारच नग माहीत आहेत, असं तो सांगतो. तुमच्या बचत खात्यात 31,000 डॉलर आहेत, घरखर्च महिन्याला 5,200 डॉलर आहे आणि मुलगी तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. पैसे बचतीतून काढावेत की रॉथ आयआरएमधून (निवृत्तीसाठीच्या बचतीचं अमेरिकेतलं खातं), असं तुम्ही विचारता. (कॅसिनोचं नाव इथे मुद्दामच देत नाही, तुमचा सौदा अजून व्हायचा आहे.)

माझं मत आधी सांगतो. आज हाताशी आहे तेवढ्या माहितीवर ही चिप घेऊ नका. पैसे कुठून काढायचे हा नंतरचा प्रश्न. आधी तो ‘चार’ कुणी मोजला आणि कसा, ते पाहायला हवं, कारण तुम्ही 18,000 डॉलर त्या आकड्याचे देताय. वस्तू म्हणून हातात येणार ती मातीसारख्या मिश्रणाची जुनी चकती. ती वटवून 5 डॉलरही मिळणार नाहीत, वटवण्याची मुदत कधीच संपली.

नेवाडात जुगार 1931 साली कायदेशीर झाला. चिप्स झिजल्या, मालक बदलला किंवा बनावट चिप्सचा संशय आला की कॅसिनो जुना साठा मोडीत काढायचे. आज नेवाडाच्या नियमावलीतल्या 12 व्या नियमानुसार बंद केलेल्या चिप्स कशा वटवणार आणि नष्ट कशा करणार, याचा आराखडा कॅसिनोला द्यावा लागतो. 1950 च्या दशकात एवढी शिस्त नव्हती. त्या काळातल्या उरलेल्या चिप्स बहुतेक खिशातून घरी गेलेल्या: कुणी आठवण म्हणून ठेवली, कुणी वटवायची विसरला, कुणी तिथे पत्ते वाटणारा डीलर होता. त्यामुळे पाचवा नग असलाच तर तो एखाद्या घरातल्या डब्यात असेल आणि वारसांनी घर आवरायला घेतलं की बाहेर येईल. विक्रेत्याचा आकडा फक्त संग्राहकांच्या नजरेला पडलेल्या नगांचा आहे.

नष्ट केल्या म्हणून जाहीर झालेल्या चिप्सचाही भरवसा धरता येत नाही. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीतला प्लेबॉय कॅसिनो 1981 मध्ये उघडला आणि 1984 मध्ये त्याचं नाव बदललं. त्याच्या चिप्स पुढे नष्ट करायला दिल्या गेल्या, पण त्यातल्या काही तिथूनच चोरीला गेल्या. कित्येक वर्षांनी मिसिसिपीतल्या एका बँकेच्या लॉकरमध्ये त्यांचा मोठा साठा सापडला आणि न्यू जर्सीच्या ट्रेझरी खात्याने तो लिलावात काढला. असा साठा बाजारात आला की आधी चढ्या भावाने घेतलेल्याला दाद मागायला जागा नसते.

चूक उलट्या बाजूनेही होते, आणि तुमच्या बाबतीत मला ती शक्यता जास्त वाटते. चिपवर अनुक्रमांक नसतो. एकच नग एका लिलावात विकला गेला, पुढे खासगीत हात बदलला आणि नंतर तिसऱ्याच नावाने इंटरनेटवर आला, तर ढिसाळ यादीत त्याचे तीन नग होतात. म्हणून चारचे दोनही निघू शकतात, तसंच सहाही. हे तपासायचा मार्ग म्हणजे फोटो समोरासमोर ठेवणं. सोनेरी ठसा मधोमध क्वचितच बसतो, तो कोणत्या बाजूला किती सरकलाय ते पाहा. कडेचे रंगीत ठिपके मजकुराच्या कोणत्या अक्षरासमोर येतात ते पाहा. कडेचे टवके, जुना ओरखडा, सिगारेटचा चटका या खुणा नगागणिक वेगळ्या असतात आणि मिटत नाहीत. दोन फोटोंत दोन-तीन खुणा जुळल्या की तो नग एकच. उलट जुन्या फोटोतला टवका आज दिसत नसेल, तर तो नग वेगळा आहे, किंवा कड घासून नीट केली आहे. घासलेली असेल तर या किमतीचा विचारच सोडा.

चारमध्ये काय काय धरलंय, हेही विचारा. भोक पाडून रद्द केलेले नग मोजलेत का? साच्याची नक्षी किंवा ठिपक्यांचा रंग वेगळा असलेला प्रकार यात आहे का? ‘या साच्यातल्या, या रंगाच्या चार’ आणि ‘या कॅसिनोच्या 5 डॉलरच्या एकूण चार’ यांच्या भावात फार अंतर असतं. त्याच कॅसिनोच्या दुसऱ्या साच्यातल्या चिप्स शेकड्यांनी असतील, तर बहुतेक संग्राहक त्यातली एक घेऊन थांबतात.

नाण्यांच्या जगात हे काम किती बारकाईने झालंय ते पाहा. 1913 सालची अमेरिकेची लिबर्टी निकेल, म्हणजे पाच सेंटची नाणी, पाचच आहेत. त्यातल्या एकाचा मालक 1962 मध्ये अपघातात गेला, घरच्यांना ते नाणं बनावट असल्याचं सांगण्यात आलं आणि ते अनेक वर्षं कपाटात पडून राहिलं. 2003 मध्ये बाल्टिमोरला उरलेल्या चारांशेजारी ठेवून तज्ज्ञांनी ते अस्सल ठरवलं, आणि 2013 मध्ये ते 31 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. त्या पाचांपैकी प्रत्येकाच्या मालकांची साखळी लिहिलेली आहे, म्हणूनच गिऱ्हाईक डोळे झाकून बोली लावू शकतं. चिप्सच्या छंदात अशी संघटित नोंद फार उशिरा सुरू झाली. कॅसिनो चिप अँड गेमिंग टोकन कलेक्टर्स क्लब (आता कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन) 1988 मध्ये स्थापन झाला. त्याआधी कुणी काय घेतलं-विकलं, ते बरंचसं स्मरणावर आहे.

आता गिऱ्हाइकांकडे वळू. तुमच्या पत्रात याचा उल्लेखच नाही. नग चार असले आणि 18,000 मोजायला तयार असलेली माणसं तीनच असली, तर तिघांकडे एकेक नग गेल्यावर चौथ्याला बोली कोण लावणार? इतक्या लहान बाजारात भाव ठरवतात शेवटपर्यंत भांडणारे दोघं. त्यातल्या एकाला चिप मिळाली की पुढच्या वेळी दुसऱ्यासमोर कुणीच उरत नाही. विक्रेत्याने आधीच्या एका लिलावाची किंमत दाखवली आहे. त्या लिलावात हरलेला माणूस आजही शोधात आहे का, हे मला त्या किमतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

समजा, पाच वर्षांनी ती तुम्ही लिलावात विकली. लिलाव करणारा खरेदीदाराकडून बोलीवर 20 टक्के प्रीमियम आणि तुमच्याकडून 10 टक्के कमिशन घेतो, असं धरू. घेणाऱ्याने एकूण 18,000 मोजले, तर बोली 15,000 ची होते आणि तुमच्या हातात 13,500 येतात. तुमचे 18,000 नुसते परत यायचे, तर घेणाऱ्याने 24,000 मोजायला हवेत, म्हणजे भाव एक तृतीयांश वाढायला हवा. नफा झालाच तर कर आहे. कलेक्टिबल (संग्राह्य वस्तू) म्हणून गणलेल्या वस्तूच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्रीय कराचा कमाल दर 28 टक्के आहे, शेअर्ससाठी तो 20. तोटा झाला आणि चिप वैयक्तिक हौसेची वस्तू ठरली, तर तो तोटा करात वजा होत नाही. चिपच्या बदल्यात चिप दिली तरी 2018 पासून तो व्यवहार करपात्र आहे. कर भरून देणाऱ्या तुमच्या माणसाशी हे आधीच बोलून घ्या.

पैशांचं म्हणाल तर 31,000 डॉलर म्हणजे तुमचा जेमतेम सहा महिन्यांचा खर्च. त्यातून 18,000 गेले की अडीच महिन्यांचा उरतो. नोकरी गेली तर ही चिप आठवड्याभरात विकून भाडं भरता येणार नाही. लिलावाला वस्तू देऊन पैसे हातात येईपर्यंत महिने जातात. रॉथमधून स्वतः भरलेली मूळ रक्कम कर आणि दंडाशिवाय काढता येते, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. पण काढलेली जागा परत मिळत नाही. 2025 साली पन्नाशीच्या आतल्यांना वर्षाला 7,000 डॉलरच भरता येत होते, त्या हिशोबाने काढलेले 18,000 भरून काढायला अडीच वर्षांहून जास्त काळ तुमची सगळी मर्यादा खर्ची पडेल. दोन्ही खात्यांना हात लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

तरीही तुमच्या पत्रातली ओढ मला कळते. इतक्या वर्षांच्या शोधानंतर अशी वस्तू समोर आली की झोप लागत नाही, आणि ती घ्यावीशी वाटण्यात काही गैर नाही. तुमच्याकडे मधल्या किमतीच्या चाळीसेक चिप्स आहेत, असं तुम्ही लिहिता. ही चिप खरंच त्या सगळ्यांहून प्रिय असेल, तर त्यातल्या विकून पैसा उभा करा. संग्रहाचा पैसा संग्रहातच फिरेल आणि घराला झळ लागणार नाही. विकायला घेतल्यावर कुठली चिप जिवावर येते, तेही कळेल.

तोवर विक्रेत्याला लिहा. चारही नगांचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, प्रत्येक नग शेवटचा कुठे आणि कधी दिसला त्याची नोंद, हा नग त्याच्याकडे कुणाकडून आला त्याची पावती, आणि चिप बनावट किंवा दुरुस्त केलेली निघाल्यास पूर्ण पैसे परत देण्याची लेखी हमी मागा. ते फोटो त्याच्याशी संबंध नसलेल्या दोन जुन्या संग्राहकांना दाखवा, आणि क्लबच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळा. घरविम्यात अशा वस्तूचं पूर्ण मोल सहसा धरलं जात नाही, म्हणून वेगळ्या विम्याचा हप्ताही विचारून ठेवा. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल किंवा आठवड्याभरात पैसे हवेत म्हणून घाई करत असेल, तर नकार कळवा. सगळं नीट आलं, तर संग्रह विकून जे जमेल तेवढीच रक्कम देऊ करा, मग ती 12,000 असली तरी चालेल. चिप घेऊ शकणारी माणसं किती कमी आहेत, हे त्यालाही माहीत आहे.