वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, जुने कागद

प्रश्न : वडिलांची जग्वार एक्सके १२० ही उघडी टू-सीटर, उजव्या स्टिअरिंगची गाडी माझ्याकडे आली आहे. आरसी बुकात निर्मितीचं वर्ष १९५३ आहे, घरचे १९५१ म्हणतात. बॉनेटला चुंबक चिकटत नाही, म्हणून मेकॅनिक तिला सुरुवातीची ॲल्युमिनियम बॉडीची गाडी ठरवतो. गाडीचा इतिहास कागदावर आणायला कुठून सुरुवात करू? (कोल्हापूर)

उत्तर : आधी चुंबकाचं मिटवू. १९५० पासून एक्सके १२० ची बॉडी स्टीलची झाली, पण दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. त्यामुळे बॉनेटवरून काहीच सिद्ध होत नाही. चुंबक मडगार्डवर लावा, तेही चार-पाच ठिकाणी, कारण पुटीचा जाड थर असला तर स्टीलवरही तो धरत नाही. याहून पक्की खूण चासी नंबरची. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्या ६६०००१ पासून सुरू होतात आणि त्यातल्या ॲल्युमिनियमच्या ६६००५८ ला संपतात. गाडी खरंच १९५१ ची असेल, तर मेकॅनिकचा दावा तिथेच निकालात निघतो.

आता मूळ काम. कपाटातले कागद नंतर काढा, आधी गाडीवरचे नंबर वाचा. इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर असतो आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकालाही असतो. शेवटचा ७ किंवा ८ हा आकडा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा), तो वगळू नका. हेड आणि ब्लॉकचे नंबर वेगळे निघाले तर कधीतरी हेड बदललंय एवढाच अर्थ. घाबरण्यासारखं काही नाही. चासी नंबर फ्रेमच्या डाव्या रेलवर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा ग्रीस आणि रंगाच्या थरांखाली. तिथे ग्राइंडर किंवा वायर व्हील अजिबात चालवू नका. पेंट रिमूव्हर लावा, थर मऊ पडू द्या, नायलॉनच्या ब्रशने काढा. मग टॉर्च आडवा धरून फोटो घ्या. पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवून छाप उमटवा, आरटीओच्या फॉर्मसाठी घेतात तसाच. छापावर तारीख आणि सही करा. आकड्यांभोवतीचा पत्रा घासून खोलगट झालेला दिसला किंवा वेल्डिंगची रेघ दिसली, तर पुढे जाण्याआधी तो भाग जाणकाराला दाखवा.

बल्कहेडवरच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या भिंतीवरच्या) पितळी प्लेटवर फार भिस्त ठेवू नका. नव्या कोऱ्या नकली प्लेट सर्रास विकत मिळतात. चकचकीत रिव्हेट दिसले की संशय घ्यायचा.

नंबर हाती आले की इंग्लंडमधल्या जग्वार हेरिटेज ट्रस्टकडे सर्टिफिकेटसाठी अर्ज करा. कारखान्याच्या नोंदवहीतून चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे मूळ नंबर, रंग, निर्मितीची आणि रवानगीची तारीख, गाडी कोणत्या वितरकाकडे गेली हे कळतं. पहिल्या मालकाचं नाव मात्र प्रत्येक वेळी मिळत नाही. तुमच्या १९५३ चा उलगडाही इथेच होण्याची शक्यता जास्त, कारण जुन्या आरसी बुकांत निर्मितीच्या रकान्यात पहिल्या नोंदणीचंच वर्ष लिहिलेलं पुष्कळदा सापडतं. एक लक्षात असू द्या : हे सर्टिफिकेट नोंदवहीबद्दल सांगतं, तुमच्या दारातल्या गाडीबद्दल नाही. दोघांना जोडणारा पुरावा म्हणजे तुमचा पेन्सिलचा छाप.

मालकीच्या साखळीसाठी आरसी बुकातली हस्तांतरणाची प्रत्येक नोंद तारखेनुसार उतरवून काढा आणि प्रत्येकीला निदान एक बाहेरचा कागद जोडा : विम्याची पॉलिसी, रोड टॅक्सची पावती, गॅरेजचं बिल, नंबरप्लेट वाचता येईल असा लग्नातला फोटो. मधली सात-आठ वर्षं रिकामी राहिली तर ती तशीच रिकामी दाखवा. ऐकीव नावाने भरलेली जागा नंतर खोटी ठरली, की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आरसी अजून वडिलांच्याच नावावर असेल तर वारसाचा फॉर्म ३१ आधी भरा. आणि कृपा करून जुनं आरसी बुक लॅमिनेट करू नका! स्कॅन करा आणि मूळ प्रत साध्या पॉलिएस्टर पाकिटात ठेवा.

प्रश्न : गाडीचं मूळ इंजिन काढून डिझेल बसवलंय. व्हिंटेज नोंदणी मिळेल का? (पुणे)

उत्तर : अवघड आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा आणि जुनं आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मूळ इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं असेल तर भंगारात घालू नका, त्याचा नंबर आजच टिपून ठेवा.

प्रश्न : एमजी टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा चासी नंबर ०४३० आहे. विकणारा म्हणतो, ही बनलेली ४३० वी गाडी. (ठाणे)

उत्तर : नाही, १८० वी. एमजीची मोजणी ०२५१ पासून सुरू होई, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता. विकणाऱ्याला हे सांगा आणि मग भावाचं बोला.