पाच तास जळणारी भट्टी आणि मुलीच्या फीची एफडी

प्रश्न : भूम तालुक्यात आमचा खव्याचा धंदा आहे. रोज १५० लिटर दूध आटवतो, ३० किलो खवा पडतो. माती-विटांच्या दोन जुन्या भट्ट्या आहेत. सकाळी सातला पेटवतो, कारण बाराच्या गाडीला माल द्यावा लागतो. जळण बाभळीचं, ५ रुपये किलो. ट्रॉलीत २१ क्विंटल येतं, पंधरा दिवस पुरतं. कृषी प्रदर्शनात एक बंदिस्त लोखंडी भट्टी पाहिली, किंमत १ लाख ४० हजार. एकदा २५ किलो लाकूड भरलं की पाच तास जळते आणि सरपण निम्म्यावर येतं, असं विकणारा सांगतो. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली १ लाख ६० हजारांची एफडी मोडून घ्यावी का? फी जूनमध्ये भरायची आहे. घरातून नको म्हणतात.

उत्तर : रामराम. एफडी मोडू नका. घरातून बरोबर सांगतायत, पण त्यांचं कारण बहुधा फीचं असेल. माझं कारण त्या ‘पाच तासां’त आहे.

तुम्ही विकता खवा, म्हणजे तुमचा खरा धंदा दुधातलं पाणी उडवण्याचा. लिटरभर दूध उकळीला आणायला साधारण ७० किलोकॅलरी (उष्णता मोजायचं माप) लागतात आणि त्यातलं ८०० मिली पाणी वाफ करून घालवायला आणखी ४३०. लिटरमागे झाल्या ५००. दीडशे लिटरला ७५ हजार. बऱ्यापैकी वाळलेल्या बाभळीच्या एका किलोत साधारण ३,५०० असतात. म्हणजे काहीच वाया गेलं नसतं तर तुमचं काम २१-२२ किलो लाकडात झालं असतं. तुमचं जातंय दिवसाला १४० किलो. उष्णतेचा जेमतेम १५ टक्के वाटा कढईला मिळतो, बाकीचा भिंत, धूर आणि शेजारी बसलेल्या माणसाला. जुन्या भट्टीचं असंच असतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

आता विक्रेत्याचेच आकडे घ्या. सरपण निम्म्यावर म्हणजे ७० किलो, म्हणजे ३० टक्के उष्णता कढईला. चला, मान्य करू. मग २५ किलोच्या एका भरणीतून कढईला मिळाल्या २६ हजार किलोकॅलरी. त्यात आटतं ५२ लिटर दूध. आणि हे ५२ लिटर पाच तासांत! सकाळी सातला पेटवलेल्या भट्टीवर दीडशे लिटर आटवायला रात्रीचे नऊ वाजतील. बाराची गाडी तुमच्यासाठी रात्रीपर्यंत थांबणार आहे का? नसेल तर अशा तीन भट्ट्या लागतील, म्हणजे ४ लाख २० हजार. हे त्यानं सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत, कारण ‘जास्त वेळ जळते’ हे ऐकायला फायद्याचंच वाटतं.

भरणी पाच तास टिकते ती बहुतेक हवेची झडप आवळून. आच मंद, धूर जास्त, धुराड्यात काजळी. झडप उघडली की लाकूड भराभर जळणार आणि पाच तासांचे दोन होणार. त्यात वाईट काही नाही, तुम्हाला आचच हवी आहे. फक्त मग पाच तासांचे पैसे कशाला मोजायचे?

दुसरंही आहे. मागे भूमशेजारच्या वाशीच्या बाजूला एका भट्टीवर सकाळचा बसलो होतो. खवा कढईची कड सोडायला लागला तसं बाईंनी उलथनं न थांबवता पायानंच एक जळतं लाकूड बाहेर ओढलं, निखारे मागे सारले आणि शेवटची पाच-सात मिनिटं नुसत्या धगीवर घोटलं. विचारलं तर म्हणाल्या, आता जाळ राहिला तर करपतंय. वरून गच्च भरलेल्या बंद भट्टीतून असं लाकूड ओढता येतं का, ते बघून घ्या. दहा लिटरचा एक घाणा करपला की दोन किलो खवा गेला. सरपणात दोन दिवस वाचवलेले पैसे एका सकाळी जातात.

तेव्हा आधी मोजा. माझ्या मते नवी भट्टी हा दुसरा खर्च, पहिला खर्च वजनकाट्याचा. तुमचे १४० किलो हेही ट्रॉलीवाल्याच्या तोंडचे २१ क्विंटल भागिले पंधरा असेच आलेत, काट्यावर कोणी चढवलेत? तीन दिवस सकाळी लाकूड तोलून घ्या, संपल्यावर उरलेलं लाकूड वजा करा, त्या दिवशीचं दूध आणि खवा वहीत लिहा. तेवढ्यानंच बरंच कळेल.

मग एका भरणीची परीक्षा. कढईत २० लिटर पाणी मोजून ओता, १० किलो लाकूड तोलून भरा आणि पेटवा. घड्याळात दोन वेळा टिपा: पाणी खळखळायला लागलं ती, आणि खळखळणं थांबलं ती. आपल्याला जाळ मोजायचा तो एवढाच. शेवटचा निखारा विझेपर्यंतचा वेळ मोजला तर कोणतीही चूल पाच तास चालते, आमच्या आजीची राखेत पुरलेली गोवरी सकाळपर्यंत धगधगायची. नंतर उरलेलं पाणी मोजा. गेलेलं पाणी भागिले लाकडाचे किलो, हा तुमचा आकडा. जुन्या भट्टीवर किलोमागे साधारण पाऊण लिटर पाणी उडेल. नवी भट्टी त्याच लाकडावर दीड-पावणेदोन लिटर उडवत असेल तर विक्रेता खरं बोलतोय. लिटरभर उडवत असेल तर तो अर्धं खरं बोलतोय. परीक्षा दोनदा करा, एकदा गार भट्टीवर आणि लगेच तापलेल्या भट्टीवर, कारण पहिल्या भरणीतलं बरंचसं भिंती तापवण्यातच जातं.

लाकूड दोन्हीकडे एकाच ढिगातलं हवं. विक्रेते परीक्षेला कोरडी ठणठणीत लाकडं आणतात, तुमच्या ढिगात पावसात भिजलेली असतात. ओलं लाकूड वजनावर घेणं म्हणजे ५ रुपये किलोनं पाणी विकत घेणं, आणि ते पाणी उडवायला पुन्हा आपलाच जाळ. उन्हाळ्यात घेऊन पत्र्याखाली रचून ठेवलेलं जळण भट्टी न बदलताच फरक दाखवेल. पऱ्हाट्या-तुराट्या पेटवायला ठीक, पण परीक्षेत मिसळू नका. भडकन जळतात आणि आकडा बिघडवतात.

भारतीय मानक ब्युरोचं लाकडाच्या चुलींसाठी मानक आहे, आयएस १३१५२. त्यात पंख्याविना चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते. विक्रेत्याकडे त्याचा चाचणी अहवाल मागा. पंखा असेल तर लाइट गेल्यावर काय, हेही विचारा.

समजा परीक्षेत २५ टक्के निघाले. रोजचं जळण ८६ किलोवर येईल, ५४ किलो वाचेल, दिवसाला २७० रुपये. उन्हाळ्याचे तीन महिने दूध ९० लिटरवर येतं असं धरलं (तुम्ही लिहिलेलं नाही, पण चाऱ्याची ओढाताण आपल्याकडे नवी नाही), तर वर्षाचे साधारण ८८ हजार. बाराच्या आत काम उरकायला झडपा उघड्या ठेवूनही किमान दोन भट्ट्या लागतील, म्हणजे २ लाख ८० हजार. पैसे सुटायला तीन वर्षं दोन महिने. तोवर आतली जाळी किती वेळा बदलावी लागेल आणि ती कुठे मिळते, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय हा हिशेब कच्चाच.

त्याऐवजी आहे त्या भट्टीवर गवंडी आणि लोहार बोलवा. लाकडाखाली लोखंडी जाळी, म्हणजे हवा खालून लागेल. तोंडाला झडपेचं दार. कढई आणि भट्टीच्या कडेमधली फट मातीनं बुजवलेली. दोन्ही भट्ट्यांचं मिळून पंधरा हजारांच्या आत बसावं. एवढ्यानं १५ चे २० टक्के झाले तरी रोज ३३ किलो वाचतं, म्हणजे १६५ रुपये. तीन महिन्यांत खर्च निघाला. हे दिवाळीच्या गर्दीआधी करा आणि पुन्हा तीन दिवस मोजा. गॅसचा विचार मनात असेल तर दीडशे लिटरला रोज साधारण १४ किलो, म्हणजे १९ किलोच्या सिलिंडरचा पाऊण भाग लागेल. तुमच्याकडचा दर घालून पाहा. धूर जाईल, पण पैसे वाचणार नाहीत.

एवढं करूनही नवी भट्टीच घ्यायचं ठरलं तर रोखीनं घेऊ नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पंतप्रधान योजनेत, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, ३५ टक्के अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. एफडी मोडून रोख मोजलेत की मुदतीआधी मोडल्याचं व्याजही गेलं आणि अनुदानही. सध्या अर्ज घेतले जातात का आणि तुमची भट्टी त्यात बसते का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. मंजुरीच्या आधी पावती फाडू नका.

आणि विक्रेत्याला आजच फोन लावा. भट्टी दोन दिवस तुमच्या शेडवर चालवून दाखव म्हणावं. दूध देऊ नका, पाणी द्या. तो तयार झाला तर लाकूड तुमच्या ढिगातलं आणि काटाही तुमचाच.