स्वयंसेवी संस्थेत निम्म्याहून जास्त कर्मचारी स्त्रिया, तरी निर्णय पुरुषच घेतात. हे बदलण्यासाठी संस्थेची क्षमताबांधणी, म्हणजे माणसं आणि कामाच्या पद्धती तयार करणं, कुठून सुरू करावी?

प्रशिक्षणापासून नको. दोन दिवसांची कार्यशाळा होते, फोटो निघतात, माणसं बदलली की शिकलेलंही जातं.

आधी एक साधा तक्ता करा: पद, स्त्री की पुरुष, पगार, कायम की कंत्राटी, किती रकमेपर्यंत खर्च मंजूर करता येतो, धनादेशावर सही कोणाची. बहुतेक वेळा स्त्रिया क्षेत्रकामात आणि मानधनावर दिसतात, तर सही, लेखा आणि देणगीदारांशी बोलणी पुरुषांकडे. अडचण संख्येची नसून अधिकाराची आहे, हे या तक्त्यावरून कळतं. जोडीला मागच्या वर्षभराची कार्यकारिणीची इतिवृत्तं वाचा: विषय कोणी मांडले, कोणाचे मंजूर झाले?

मग पैसा. बैठकीतला पाळणाघराचा खर्च, उशीर झाला तर घरी सोडण्याचं वाहन, रजेवर गेलेल्या बाईच्या जागी बदली माणूस, या ओळी प्रस्तावाच्या मूळ अंदाजपत्रकातच घाला. नंतर देणगीदाराकडून त्या मंजूर करून घेणं फार जिकिरीचं होतं.

‘लिंगभाव समन्वयक’, म्हणजे संस्थेत स्त्री-पुरुष समानतेचं काम पाहणारी व्यक्ती, नेमणार असाल तर त्या कामाचे तास आणि निधी लेखी ठरवा. नाहीतर ते आहे त्या कामावरचं बिनपगारी ओझं, आणि ते हमखास सर्वांत कनिष्ठ बाईच्या गळ्यात पडतं.

छळाच्या तक्रारीचा मार्ग तक्रारदाराच्या थेट वरिष्ठाला वगळून जाणारा हवा, तक्रार ऐकणाऱ्या समितीत संस्थेबाहेरची एक व्यक्तीही.

अहवालात ‘महिला उपस्थिती 60 टक्के’ लिहिण्याऐवजी त्यांनी मांडलेले किती ठराव अंमलात आले, ते मोजा.