अफरातफर, अफरातफरी आणि कोठीतले भात

प्रश्न दापोलीहून आला आहे. युद्धकाळात सैन्यासाठी निघालेले धान्य, इंधन, दारूगोळा मधल्या मध्ये गडप होतो. त्याला नेमके काय म्हणावे: चोरी, लूट, अपहार की अफरातफर? आणि बातम्यांत 'रसदीत अफरातफरी' ऐकू येते, ते बरोबर का?

बरोबर नाही. अफरातफरी हा हिंदी शब्द. अर्थ गोंधळ, पळापळ. त्यासाठी मराठीत धांदल, धावपळ, हलकल्लोळ असे शब्द ढिगाने पडले आहेत. अफरातफर म्हणजे विश्वासाने ताब्यात दिलेला माल हिशेबाच्या आडून खाणे. निवेदक 'लष्करी गोदामात अफरातफरी' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तिथे आग लागली असे वाटते आणि खरा गुन्हेगार शब्दातूनच निसटतो. हे रोज चालले आहे आणि कोणी दुरुस्त करत नाही.

चोरी आणि लूट यांवर वेळ घालवत नाही. चोर बाहेरून येतो, लुटारू उघड येतो. अफरातफर करणाऱ्याच्या कमरेला कोठीची किल्ली असते.

आता शब्दाकडे. अरबीत इफ्रात म्हणजे अतिरेक, प्रमाणाबाहेर वाढ. तफ्रीत म्हणजे उणेपणा, हयगय, कमी पडू देणे. दोन्ही एकाच धातूची रूपे, एक वरच्या टोकाला गेलेले, दुसरे खालच्या. फारसीमार्गे ही जोडी इकडे आली. हिंदी-उर्दूने तिच्यातला तोल सुटल्याचा भाव उचलला आणि गोंधळ हा अर्थ केला. मराठीने ती कारकुनाच्या वहीत बसवली. म्हणून 'मराठीने मूळ अर्थ बिघडवला' असे हिंदीचा दाखला देऊन सांगणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही. वाढ आणि तूट हे दोन्ही अर्थ मराठीतच शाबूत आहेत, हिंदीत दोन्ही पुसले गेले. अफरातफर हा आदळआपटसारखा नादावर घडलेला जोडशब्द आहे, असे म्हणणाऱ्यांनी तर तफ्रीत हा शब्द पाहिलेलाच नाही.

मराठीत हा अर्थ का रुजला, याचे माझे उत्तर भाताच्या मापात आहे. कोठीत भात येताना पायली शिगेने भरून घ्यायची, म्हणजे काठावर ढीग उभा राहील अशी. देताना त्याच पायलीची शीग हाताने लोटून ती सपाट द्यायची. वहीत दोन्हीकडे 'पायली' एवढेच. शीग पायलीच्या दहाव्या हिश्श्याइतकी धरली, तर शंभर पायल्या आल्या आणि शंभर गेल्या तरी कोठीत दहा उरतात. जमेला आणि खर्चाला बोट ठेवायला जागा नाही. येताना इफ्रात, जाताना तफ्रीत, आणि मधले भात कोठीवाल्याचे. दफ्तरातल्या माणसाला ही जोडी रोज डोळ्यांपुढे दिसत होती, म्हणून त्याने तिचा हा अर्थ केला, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी वाट ओलाव्याची. नव्या भातातला ओलावा २० टक्क्यांवरून १४ वर आला की शंभर किलोचे साधारण ९३ उरतात. ही तूट खरी आणि हक्काची. सातच्या जागी बारा लिहिले की उरलेल्या पाचांची अफरातफर. पण कोकणात याची उलट बाजूही आहे. कोरडे भात पावसाळ्यात हवेतली ओल धरते आणि वजनाला चढते. ही वाढ कुठल्या वहीत दिसत नाही. ऐन आषाढातही ज्या कोठीच्या हिशेबात नुसती तूटच लागते, ती कोठी आधी तपासावी. तिसरी वाट भाताचे तांदूळ करताना. वजनाने दोन तृतीयांशाच्या आसपास तांदूळ निघतात, आणि त्या 'आसपास'मध्येच सगळा धंदा चालतो.

तोफेच्या दारूचे गणित वेगळे. काळ्या दारूचे नमुनेदार प्रमाण शंभरात शोरा (पोटॅशियम नायट्रेट) ७५, कोळसा १५, गंधक १०. महाग तो शोरा. तो कमी करून कोळसा वाढवला की वजन तेच राहते, रंग काळाच राहतो. गोळा मात्र अलीकडे पडतो, आणि तो पडेपर्यंत कोणाला कळत नाही. मिठाचा अंश राहिलेला अशुद्ध शोरा ओलही पटकन धरतो, म्हणजे किनाऱ्यावर दमट हवेचे निमित्त तयारच. आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या दारूसाठी सांगितलेली रीत यासाठी फार मोलाची आहे. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जातीने यावे, दारू आणि बाण (दारू भरलेले अग्निबाण) बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून, म्हणजे मोहोर लावून ठेवावे. उन्हाने ओल जाते, मुद्रेने हात आवरतात.

शिवाजी महाराजांचे १६७३ च्या मे महिन्यातले पत्र अनेकांना ठाऊक आहे. चिपळूणकडे छावणीला राहिलेल्या लष्कराला ते बजावतात की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा, रातीब, गवत असेल तोवर मन मानेल तसे चाराल, मग पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, भाजी आणायला निघतील. आधी इफ्रात, मग तफ्रीत, आणि भरपाई रयतेच्या घरातून. (यातला रातीब म्हणजे ठरवून दिलेला रोजचा शिधा. आपला दुधाचा रतीब तोच.)

दुसरे पत्र १६७५ च्या जानेवारीतले, प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना. मुरुडच्या समुद्रात पद्मदुर्गाचे काम चालू, समोर जंजिऱ्याचा सिद्दी, आरमार पहाऱ्यावर, आणि सुभेदाराकडून जायची रसद गेलीच नाही. महाराज उघड विचारतात की हबशांनी, म्हणजे सिद्दीच्या लोकांनी, काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले की काय. अशा चाकराला ठीकेठीक केले पाहिजे, ब्राह्मण म्हणून मुलाहिजा कोण करतो, हेही त्याच पत्रात आहे. इथे कोठी फोडलेली नाही. माल अडवून धरणे एवढ्यानेच आरमार उपाशी पडते.

रसद हा शब्दही पाहा. फारसी रसीदन म्हणजे पोहोचणे. रसद म्हणजे 'पोहोचते', रसीद म्हणजे 'पोहोचले'. आपली पावती पावणे या क्रियापदावरून अगदी त्याच वळणाने आली. सैन्याचा माल खाल्ला जातो तो या दोन शब्दांच्या मधल्या वाटेवर, म्हणूनच निघाल्याची नोंद आणि पोहोचल्याची नोंद एकाच हाताची असू नये. गडावर हजिरी-दफ्तर सबनिसाकडे आणि कोठीचे काम कारखानिसाकडे अशी वाटणी होती ती उगाच नाही. सबनिसाच्या यादीत शंभर माणसे आणि कारखानिसाच्या वहीत दीडशेंचा शिधा, हे दोन कागद शेजारी ठेवले की पन्नासांची अफरातफर वाचता येते.

राहिला अपहार. भाषाशुद्धीचे आग्रही अफरातफर काढून तिथे अपहार बसवतात. अपहार म्हणजे हरण करणे, उचलून नेणे. त्यात वही नाही, किल्ली नाही, शीग नाही. कायद्याच्या भाषेत तो चालेल. भारतीय लष्कराच्या १९५० च्या कायद्यात ५२ व्या कलमाखाली सरकारी मालाची चोरी, अप्रामाणिकपणे केलेला अपहार आणि न्यासभंग हे गुन्हे वेगवेगळे दाखवले आहेत, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. बातमीत मात्र 'सैन्याच्या रसदीची अफरातफर' असेच लिहावे. शब्द स्त्रीलिंगी, शेवटी ईकार नाही, आणि अफरातफर 'माजत' नाही. ती कोणीतरी करतो, तेव्हा वाक्यात त्याचे नाव घालायला जागा ठेवावी.